हवाई बेटांवर तापमान एक-दीड अंशाने वाढले तर तिथले पक्षी का संपतात? आणि पंख असून ते वर का जात नाहीत?

प्रश्न विचारणाऱ्याने दोन शंका काढल्या आहेत. हवाईतले रानपक्षी तापमानवाढीने संपत चाललेत असे वाचले, पण एवढ्याशा वाढीने पक्षी मरतो कसा? आणि उकडायला लागले तर तो डोंगरावर वर का उडून जात नाही? दोन्ही शंका रास्त आहेत. बातम्यांमध्ये ‘तापमानवाढीमुळे पक्षी धोक्यात’ एवढेच छापून येते आणि मधली सगळी साखळी गाळली जाते.

उकाड्याने तिथे पक्षी मरत नाहीत, डास चावल्याने मरतात. डासही आपल्या चांगल्या ओळखीचा आहे: क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस. तुंबलेल्या गटारात वाढणारा, ज्याच्यासाठी सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा म्हणून आरोग्य खाते सांगत असते, विदर्भात हत्तीरोग पसरवतो तोच. हवाईत तो माणसाला हत्तीरोग देत नाही. तिथे तो पक्ष्यांचा मलेरिया पसरवतो. त्या मलेरियाचा परोपजीवी प्लास्मोडियम रेलिक्टम. माणसाला त्याची बाधा होत नाही.

हवाई बेटे कुठल्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर आहेत. १८२६ पर्यंत तिथे एकही डास नव्हता. ‘वेलिंग्टन’ नावाच्या जहाजाने माउई बेटावरच्या लाहायना बंदरात पाण्याची जुनी पिंपे रिकामी केली, त्या पाण्यातून अळ्या उतरल्या, असे मानले जाते. मलेरिया बराच नंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, बाहेरून आणलेल्या पक्ष्यांच्या रक्तातून आला. तोवर तिथल्या पक्ष्यांची लाखो वर्षे डासाविना गेली होती. हनीक्रीपर म्हणून ओळखला जाणारा पक्ष्यांचा गट एकाच फिंचसारख्या पूर्वजापासून फुटत फुटत पन्नासहून अधिक जातींचा झाला होता. आज त्यातल्या सतराच्या आसपास उरल्या आहेत. शेंदरी अंगाच्या आणि कोयत्यासारख्या वाकड्या चोचीच्या इइवी पक्ष्यांवर १९९०च्या दशकात प्रयोग झाला. बाधित डासाचा एकच चावा दिलेल्या दहा पक्ष्यांपैकी नऊ मेले. परोपजीवी तांबड्या पेशी फोडतो, रक्त पातळ होते, यकृत-प्लीहा सुजतात, पक्षी खाणे सोडतो आणि फांदीवरून खाली पडतो. तुमच्याआमच्या अंगणातल्या चिमणीच्या रक्तात असाच परोपजीवी सापडला तर ती बहुधा काही दिवस मरगळून पुन्हा दाणे टिपायला येईल.

आता तापमानाचा संबंध. डासाने आजारी पक्ष्याचे रक्त प्यायले की तो लगेच रोग पसरवू शकत नाही. परोपजीवीला डासाच्या पोटाच्या भिंतीवर वाढावे लागते, फुटावे लागते आणि लाळग्रंथीपर्यंत पोचावे लागते. डासाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, म्हणून हे सगळे बाहेरच्या हवेच्या तापमानावर चालते. सुमारे १३ अंश सेल्सियसच्या खाली ही वाढ थांबते. त्याच्या वर किती वेगाने होते ते मोजायला द्राक्षबागायतदार वापरतात तोच अंश-दिवसांचा हिशेब लागू पडतो: दिवसाच्या सरासरी तापमानातून १३ वजा करा आणि रोजची बेरीज करत चला. ती सुमारे ८६ वर गेली की डास रोग द्यायला तयार.

१५ अंशाला रोज २ जमा होतात, म्हणजे ४३ दिवस लागतात. १६ अंशाला २९ दिवस. १७ अंशाला साडेएकवीस. २० अंशाला बारा-तेरा. पायथ्याशी २८ अंशाला सहाच दिवस.

रानातली डासाची मादी साधारण दोन-तीन आठवडे जगते, नशीब चांगले असेल तर महिनाभर. म्हणजे १५ अंशाला परोपजीवी तयार होण्याआधीच जवळजवळ प्रत्येक मादी मरते, १६ अंशाला एखादी चिवट मादी पोचते आणि १७ अंशाला बऱ्याच पोचतात. पायथ्याशी २७ चे २८ झाले तर जेमतेम अर्ध्या दिवसाचा फरक पडतो, तोच एक अंश वर डोंगरात दोन आठवडे वाचवतो. ‘एक अंशाने काय होते’ याचे उत्तर या आकड्यांत आहे. हिशेब सरासरीचा आहे हेही ध्यानात घ्या. सरासरी १३ असलेल्या जागी दुपारी १७-१८ होतेच, त्यामुळे ही रेषा पाटीवर रेघ ओढल्यासारखी स्पष्ट नसते. शिवाय उबेने डासही भराभर वाढतो. पायथ्याशी अंड्यापासून उडणारा डास व्हायला दहा-एक दिवस पुरतात, वर थंडीत महिनाही कमी पडतो.

डोंगर चढताना साधारण १५० मीटरला एक अंश उतरतो. म्हणून गेली कित्येक दशके ढोबळ नियम होता की दीड हजार मीटरच्या वर पक्षी सुरक्षित. खाली समुद्रापर्यंतची रानेही पूर्वी याच पक्ष्यांनी भरलेली होती. ती केव्हाच रिकामी झाली. उरलेले पक्षी वर आहेत ते त्यांना थंडी आवडते म्हणून नव्हे, डास तिथे पोचला नव्हता म्हणून. हवा एका अंशाने तापली की ही रेषा दीडशे मीटर वर सरकते, दोन अंशांनी तीनशे.

इथे प्रत्येक बेटाची उंची महत्त्वाची ठरते. थोरल्या हवाई बेटावरचा माउना केआ ४,२०७ मीटर आहे. माउईवरचा हालेआकाला ३,०५५ मीटर. आणि काउआई बेटाचे सर्वोच्च टोक, कावाइकिनी, १,५९८ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे काउआईचा माथा त्याच्यापेक्षा ४८ मीटर बुटका. रेषा दीड हजारावर असताना काउआईकडे वर सरकायला शंभर मीटरही शिल्लक नव्हते.

त्यातही एक वाईट गोष्ट आहे, जी मला नेहमी नकाशा समोर धरल्याशिवाय समजावता येत नाही. काउआईचे रान उभ्या उतारावर नाही, आलाकाई नावाच्या पठारावर आहे, साधारण १,००० ते १,६०० मीटरच्या दरम्यान. दलदलीचे, सतत धुक्यात बुडालेले, पावसाळ्यातल्या महाबळेश्वरसारखे, फक्त तो पावसाळा वर्षभर. उतारावर रेषा दीडशे मीटर चढली तर रानाचा एक पट्टा जातो, वरचे रान राहते. पठाराची उंची सगळीकडे थोडीफार सारखीच, त्यामुळे रेषा पठाराच्या कडेवर चढली की बराचसा भाग थोड्याच वर्षांत एकदम तिच्याखाली येतो. टेबलावर सांडलेले पाणी पसरते तसा डास पसरतो. अकिकिकी हा खोडावरून सरपटत किडे टिपणारा करडा-पांढरा पक्षी फक्त या पठारावर होता. २०२३ मध्ये रानात त्याचे जेमतेम पाच पक्षी उरले होते. आज त्याची भिस्त पिंजऱ्यातल्या पिलावळीवर आहे. गंमत बघा, काउआईवर मुंगूस कधी पसरले नाही. बाकीच्या मोठ्या बेटांवर १८८३ पासून उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला जे मुंगूस आणले ते मूळ आपल्याकडचेच, कोलकात्याहून जमैकामार्गे गेलेले. ते नाही म्हणून काउआई पक्ष्यांसाठी सर्वांत सुखरूप बेट समजले जायचे.

मग माउई आणि थोरल्या बेटावरचे पक्षी वर का जात नाहीत? तिथे तर डोंगर आहे. डोंगर आहे, पण रान नाही. १७९३ मध्ये इंग्रज दर्यावर्दी व्हॅंकुव्हरने तिथल्या राजाला गुरे भेट दिली. ती रानात सुटली, वाढली आणि वरच्या उतारांवरचे रान खाऊन कुरणे झाली. ओहिआ (आपल्या जांभळाच्या कुळातला, लाल पुंजक्यांच्या फुलांचा) आणि कोआ (आपल्याकडे वनखात्याने रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा भाऊबंद, पानेही तशीच) या दोन झाडांवर हे पक्षी जगतात. झाडच नसेल तर थंड हवेचा काय उपयोग? दुसरी अडचण वाऱ्याची. ईशान्येकडून येणारे ओले वारे डोंगरावर चढतात, पण साधारण २,००० ते २,२०० मीटरवर उबदार कोरड्या हवेचे झाकण असते. ढग त्याच्या वर जात नाहीत, पाऊसही नाही. त्यामुळे रान वर सरकायचे म्हटले तरी झाकणापाशी अडते. खालून डास चढतो, वरून कुरण आणि कोरडी हवा, मध्ये पट्टा अरुंद होत जातो.

तिसरे कारण पक्ष्याच्या पोटाचे. इइवी आणि आपापाने हे मध पिणारे पक्षी ओहिआच्या बहरामागे फिरतात. बहर वरखाली सरकतो. वर फुले संपली की ते काही किलोमीटर खाली उतरून खालच्या बहरावर जातात, तिथे त्यांना डास चावतो आणि ते आजार घेऊन परत वर येतात. वरचे रान डासमुक्त असले तरी पक्षी स्वतःहून डासाकडे जातो. नुसत्या उंच जागेला कुंपण घालून भागत नाही ते यामुळे.

डास वर पोचला तरी त्याला साचलेले पाणी हवे. कोवळ्या लाव्हाच्या उतारावर पाणी मुरून जाते, डबकी फार नसतात. ती डुकरांनी तयार केली. तिथे हापूउ नावाचे पुरुषभर उंचीचे झाडनेचे असतात. त्यांच्या खोडाचा गाभा पिठूळ, साबुदाण्यासारखा. रानडुक्कर नेचा आडवा पाडते, वरची साल फोडते आणि आतला गाभा चाटूनपुसून खाते. उरते ती हातभर लांब पन्हाळ. त्यात पावसाचे पाणी साचते, पाने कुजतात, पाण्याला आंबूस वास येतो. क्युलेक्सच्या मादीला स्वच्छ पाण्यापेक्षा नेमके हेच पाणी आवडते. एका पन्हाळीत शेकड्यांनी अळ्या मिळतात. म्हणून तिथल्या पक्षीसंवर्धनाचे पहिले काम डुकरांना आडवणारे तारेचे कुंपण हे असते. कुंपण घातल्यावरही आतली डुकरे काढावी लागतात, जुन्या पन्हाळी कुजून जायला वर्षे लागतात आणि एखादे झाड कुंपणावर पडून तार वाकली की सगळे पहिल्यापासून. काउआईच्या पठारावर डुकरांशिवाय आणखी एक वाट आहे. पाऊस लांबला की ओढे आटून खडकांत डोह उरतात. पूर्वी वरचेवर लोंढे येऊन अळ्या वाहून जायच्या. लोंढा नाही आला तर पिढी पूर्ण होते. म्हणजे तापमानाबरोबर पावसाचे वेळापत्रक बिघडणेही डासाच्याच पथ्यावर पडते.

इथे एक खुलासा, कारण अनेकांना वाटते बेट म्हणजे समुद्र चढून बुडणार. उंच बेटांवरच्या रानपक्ष्यांना त्याने काही होत नाही. वायव्येकडच्या सपाट प्रवाळबेटांची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०१८ मध्ये वालाका चक्रीवादळाने ईस्ट आयलंड हे वाळूचे बेट जवळजवळ पूर्ण धुऊन नेले. हवाईची नव्वद टक्क्यांहून अधिक हिरवी समुद्री कासवे ज्या बेटसमूहावर अंडी घालतात त्यातले ते महत्त्वाचे बेट होते. तो विषय या उत्तरात पेलणार नाही.

सगळे पक्षी मरतीलच असेही नाही. थोरल्या बेटाच्या पायथ्याशी अमाकिही नावाचा पिवळट-हिरवा पक्षी मलेरिया सोसून जगायला शिकला आहे. त्याच्या पुढच्या पिढ्या सोशिक झाल्या, कारण तो संख्येने खूप होता आणि मेल्यावरही काही उरले. पण तो बरा झाला तरी रक्तात परोपजीवी जन्मभर बाळगतो आणि डासांना पुरवत राहतो. शंभर-दीडशे पक्षी उरलेल्या जातीला असा सोशिकपणा यायला सवड नसते. पहिल्या फेरीतच जात संपते. २०२३ मध्ये अमेरिकेने नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढलेल्या एकवीस जातींत हवाईचे आठ पक्षी होते.

उपायांचे बोलायचे तर पक्षी उचलून दुसरीकडे सोडणे हा पहिला सुचणारा उपाय करून झाला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये माउईवर किविकिउ या पोपटासारख्या चोचीच्या पक्ष्याचे चौदा जण, काही रानातले, काही पिंजऱ्यात वाढवलेले, हालेआकालाच्या कोरड्या बाजूला नव्याने लावलेल्या रानात नेले. जागा उंच, झाडे लावलेली, तयारी वर्षानुवर्षांची. काही आठवड्यांत बहुतेक मलेरियाने मेले. डास त्या उंचीवर अपेक्षेहून आधी पोचला होता. औषध देऊनही उपयोग नाही. रानातल्या पक्ष्याला पकडून गोळी देता येते, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा चावा बसतो. अळ्यांवर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध चालते, इतर किड्यांना फारसे न दुखवता. पण ते प्रत्येक डबक्यात पडले पाहिजे, आणि दाट रानाच्या, कड्याकपारीच्या मुलखात प्रत्येक पन्हाळ शोधणे शक्य नाही.

म्हणून सध्या सगळी मदार नर डासांवर आहे. पद्धत अशी. क्युलेक्सच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू मुळातच असतो. प्रयोगशाळेत तो काढून त्याजागी टायगर मॉस्किटो या दुसऱ्या जातीच्या डासामधला वेगळा वाण घातला जातो. असा नर रानातल्या मादीशी जुगला तर दोघांच्या जिवाणूंचे जमत नाही आणि अंडी फुटत नाहीत. नर चावत नाही, फुलांचा रस पितो, त्यामुळे सोडायला धोका नाही. रानातल्या एका नरामागे दहा तरी सोडलेले नर हवेत असा साधारण अंदाज धरतात. माउईवर नोव्हेंबर २०२३ पासून हेलिकॉप्टरने सोडायला सुरुवात झाली, नंतर काउआईवर. आठवड्याला लाखांनी. २०२५ पासून ड्रोनही वापरतात: कुजून जाणाऱ्या डब्या, एकेका डबीत सुमारे हजार नर. डबी रानात पडते, नर उडून जातात, डबी तिथेच मातीला मिळते. ड्रोनचा मोठा फायदा असा की धुक्यातून हेलिकॉप्टरला मिळणारी थोड्या वेळाची फट चुकली तर आठवडा वाया जायचा, तो कमी झाला.

ही कल्पना नवी नाही. १९६७ मध्ये म्यानमारमधल्या ओकपो गावात याच जातीच्या डासावर, याच तत्त्वावर प्रयोग झाला होता आणि गावातला डास संपला होता. सत्तरच्या दशकात दिल्लीतही या डासाच्या अशाच नियंत्रणावर जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने काम चालू होते. १९७५ मध्ये वादंग होऊन ते बंद पडले.

बिघडते कुठे? नर-मादी वेगळे करताना. कोषावस्थेत नर लहान, मादी मोठी, त्या आकारावरून चाळतात. चाळणीतून लाखात काही माद्या निसटल्या तर त्या प्रयोगशाळेचा वाण घेऊन रानात जातात, सोडलेल्या नरांशी त्यांचे जमते, अंडी फुटतात आणि हळूहळू तोच वाण रानात पसरला तर पुढचे सगळे नर वाया. म्हणून प्रत्येक खेप तपासावी लागते. दुसरे, नर थोडे दिवस जगतो, सोडणे थांबवले की खालून नवा डास चढतो. हे औषधाचा कोर्स नाही, पगाराचा खर्च आहे. तिसरी अडचण मोजणीची. वरच्या रानात डास मुळातच विरळ. सापळ्यात आठवड्याला दोन-चार मिळणार असतील तर ते निम्मे झाले की नाही हे कसे सांगणार?

म्हणून नुसत्या डासांच्या संख्येपेक्षा अंड्यांकडे बघणे जास्त भरवशाचे. फसफसलेल्या गवताचे पाणी टोपात ठेवले की पोटुशी मादी वासाने येते. क्युलेक्स अंडी सुटी घालत नाही. शे-दोनशे अंडी उभी चिकटवून तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी तराफा पाण्यावर सोडते. तो चमच्याने उचलून वेगळ्या वाटीत ठेवायचा. पाणी उबदार असेल तर दोन दिवसांत अळ्या वळवळायला लागतात. तराफा तसाच सुकून बसला, एकही अळी निघाली नाही, की त्या मादीला प्रयोगशाळेतला नर भेटला होता असे समजायचे. वाट्यांतले किती तराफे सुकले याची टक्केवारी त्या डोंगरउतारावरचे काम पुढे सरकते आहे की नाही ते सांगते.